तुझे सात दात चांगले आहेत

डॉक्टर काकू,

माझं वय २७. गाव यवतमाळ जिल्ह्यात. बारावीपर्यंत तिथेच होते, आता नोकरीसाठी पुण्यात आहे. लहानपणापासून माझ्या पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे आणि तपकिरी डाग आहेत. गावातल्या बऱ्याच पोरांचे दात असेच आहेत. वरच्या मधल्या दोन दातांपैकी उजवा दात सातवीत असताना हापशीच्या दांड्यावर आपटून तुटला. त्याचं रूट कॅनाल झालंय आणि आता तो करडा पडलाय. फेब्रुवारीत माझं लग्न आहे. एका क्लिनिकमध्ये वरच्या आठ दातांना झिरकोनियाच्या, म्हणजे कडक पांढऱ्या सिरॅमिकच्या, कॅप सांगितल्या. एका कॅपचे नऊ हजार, पंधरा वर्षांची वॉरंटी, आठ दिवसांत काम पूर्ण. दुसऱ्या डॉक्टरांनी आठ व्हेनिअर (दाताच्या पुढून चिकटवायची पातळ कवचं) सांगितले, एकाचे चौदा हजार. आई म्हणते कॅपच कर, मजबूत असतात, एकदाच काय ते कायमचं होऊन जाईल. मी पहिल्या क्लिनिकमध्ये दहा हजार ॲडव्हान्स भरलाय. दिवाळीनंतर दात तासायला बोलावलंय. पण रात्री झोप लागत नाही. हसताना तोंडावर हात धरायची सवय मला लग्नात नको आहे. काय करू?

– एक वाचक, पुणे

*

प्रिय मुली,

काकू म्हणालीस, म्हणून अगंतुगंच करते.

आधी उत्तर सांगते, कारणं मग. दिवाळीनंतर आठ दात तासून घेऊ नकोस. आठ कॅप तुला नकोत, आणि आठ व्हेनिअरसुद्धा निदान आज तरी नकोत. तुझ्या पत्रात दोन डॉक्टर आहेत, दोन दर आहेत, आई आहे, लग्नाचा महिना आहे. दात मात्र ‘आठ’ असे एका आकड्यात आलेत. ते आठ एकसारखे नाहीत. एक दात तुटलेला, नस काढलेला, रंग गेलेला आहे. बाकीचे सात जिवंत आहेत आणि तुझ्या वर्णनावरून धडधाकट आहेत, फक्त त्यांच्यावर डाग आहेत. या दोन दुखण्यांना एकच औषध कुणी देत असेल तर तिथे थांबायचं.

डागांपासून सुरुवात करते, कारण त्यांचा सल तुझ्या मनात वीस वर्षं आहे. शाळेत कुणीतरी नक्की म्हणालं असेल, दात घासत नाहीस का गं? तुझ्या ब्रशचा आणि या डागांचा काही संबंध नाही. दातावरचं सगळ्यात वरचं कठीण आवरण म्हणजे एनॅमल. ते दात उगवायच्या कितीतरी आधी, हिरडीच्या आत घडत असतं. वरच्या मधल्या दातांचं हे काम साधारण चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत उरकतं आणि अक्कलदाढा सोडल्या तर बाकी सगळ्या दातांचं आठव्या वर्षापर्यंत. या वर्षांत पोटात फ्लोराइड जास्त गेलं, तर एनॅमल घट्ट न बनता आतून सच्छिद्र बनतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या भागांत बोअरच्या पाण्यात खडकातलं फ्लोराइड उतरतं, हे आपल्याकडे जुनं दुखणं आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं आणि दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत, असं भारतीय मानक सांगतं. तुझ्या गावच्या हापशीचं पाणी त्याच्या वर असणार. या विकाराला फ्लोरोसिस म्हणतात.

आता एक गोष्ट तुला दिलासा देईल. असा दात उगवतो तेव्हा त्यावर फक्त पांढरे, खडूसारखे पट्टे असतात. तपकिरी रंग नंतर वर्षानुवर्षं चढतो, कारण सच्छिद्र एनॅमल रंग शोषून घेतं. म्हणजे तुला ज्याची जास्त लाज वाटते तो तपकिरी रंग बहुतेक वेळा वरवरच्या थरातच असतो आणि तो काढायला सोपा असतो. आज रात्री आरशासमोर उभी राहून तोंड उघडं ठेव आणि दोन मिनिटं थांब. दात वाळले की पांढरे पट्टे उठून दिसायला लागतील. मग जीभ फिरव, ते पुन्हा मंद होतील. छिद्रांत हवा भरली की पांढरं दिसतं, ओल भरली की मिसळून जातं. यावरच एक उपचारही आहे. छिद्रांमध्ये पातळ राळ, म्हणजे रेझिन, मुरवायची आणि ती तिथेच कडक करायची. त्याआधी आम्ही दातावर अल्कोहोलचा एक थेंब लावून बघतो. थेंब मुरतो तसा पट्टा डोळ्यांदेखत विरघळल्यासारखा दिसतो आणि अल्कोहोल उडून गेलं की परत येतो. राळ मुरवल्यावर कितपत फरक पडेल, त्याची ती झलक असते. माझ्या खुर्चीत बसलेल्या मुली त्या क्षणी आरसा हातातून सोडत नाहीत.

आता कॅप म्हणजे दाताचं नेमकं काय होतं ते सांगते. हे तुला कुणी दाखवलेलं दिसत नाही.

माझ्या टेबलाच्या खणात प्लास्टरची दोन मॉडेल्स आहेत. एकावर वरचे सहा दात कॅपसाठी तासलेले आहेत, दुसऱ्यावर तेच सहा दात व्हेनिअरसाठी. मी दोन्ही पेशंटच्या हातात देते आणि गप्प बसते. व्हेनिअरच्या मॉडेलवर बोट फिरवून लोक विचारतात, यात काय केलंय? पुढची बाजू किंचित चपटी झालीय एवढंच, दात दातासारखाच दिसतो. कॅपचं मॉडेल हातात घेतल्यावर बहुतेकांचं बोट मध्येच थांबतं. तिथे दात उरलेले नसतात. वर निमुळत्या होत गेलेल्या सहा बारक्या खुंट्या असतात, एकमेकींपासून सुट्या, मधे फटी.

आकड्यांत सांगायचं तर कॅपसाठी दात चारी बाजूंनी साधारण १ ते १.५ मिलिमीटर आणि टोकाला दीड-दोन मिलिमीटर तासावा लागतो. व्हेनिअरला फक्त पुढच्या बाजूने ०.३ ते ०.७ मिलिमीटर. पुढच्या बाजूचं एनॅमल मध्यावर जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असतं आणि हिरडीकडे आणखी पातळ होतं. म्हणजे कॅप बसवताना एनॅमल जवळजवळ सगळं जातं. २००२ साली एडलहॉफ आणि सोरेनसन या दोन संशोधकांनी पुढचे दात तासून, वजन करून, किती भाग जातो ते मोजलं. व्हेनिअरच्या वेगवेगळ्या पद्धतींत हिरडीबाहेरच्या दाताचा ३ ते ३० टक्के भाग गेला. पूर्ण कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के. शंभर ग्रॅमच्या पेढ्यातला तीस ग्रॅम उरावा, तसं. आणि एनॅमल पुन्हा वाढत नाही. केस वाढतात, नख वाढतं, मोडलेलं हाड जुळतं, एनॅमल मात्र एकदाच मिळतं.

एवढा फरक का? कॅप टिकते ती आकारावर. टोपी डोक्यावर बसते तशी ती खुंटीवर घट्ट बसते, म्हणून खुंटी करावीच लागते, आणि तिला उंचीही लागते. व्हेनिअर टिकतो तो चिकटण्यावर. १९५५ साली मायकेल बुओनोकोर या अमेरिकी दंतवैद्याने दाखवून दिलं की एनॅमलवर थोडा वेळ फॉस्फोरिक ॲसिड लावलं तर त्यावर सूक्ष्म खळगे पडतात आणि राळ त्यांत शिरून जबरदस्त पकड घेते. आज जे काही दाताला ‘चिकटवलं’ जातं, त्याचं मूळ तिथे आहे. त्याआधी हॉलिवूडमध्ये चार्ल्स पिंकस नावाचे डॉक्टर नटनट्यांच्या दातांवर पातळ कवच लावायचे, पण ते कवळीच्या पावडरने चिकटवलेलं असे आणि शूटिंग संपलं की काढून ठेवावं लागे. पोर्सिलेनवरही ॲसिडने खळगे पाडायची युक्ती १९८०च्या दशकात रुळली आणि खरे टिकाऊ व्हेनिअर आले. पकड एनॅमलवर सगळ्यात पक्की बसते, आतल्या पिवळसर थरावर कमी. म्हणून ज्याचं एनॅमल शाबूत आहे तो दात व्हेनिअरचा आणि ज्याचा मूळ दातच फारसा उरलेला नाही तो कॅपचा. सुंदर कोण दिसतं, मजबूत कोण, हे प्रश्न नंतरचे.

मी हे इतक्या पोटतिडकीने का सांगतेय, तेही सांगते. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षी माझ्याकडे अशीच एक मुलगी आली होती. लग्न पाच दिवसांवर, वरच्या मधल्या दातांत फट, दात पिवळसर. घरच्यांची घाई, तिची घाई, आणि माझ्या हातात कॅपचं तंत्र नवं नवं बसलेलं. मी तिच्या चार चांगल्या दातांना सिरॅमिकच्या कॅप बसवल्या, आत धातू असलेल्या, तेव्हा त्याच चालायच्या. फोटो सुरेख आले. अकरा वर्षांनी ती आपल्या मुलीला कडेवर घेऊन आली. वरचा ओठ सुजलेला होता. चारपैकी एका दाताची नस आतल्या आत मरून खाली पू झाला होता. हिरडी वर सरकली होती आणि प्रत्येक कॅपच्या कडेला धातूची काळी रेघ दिसत होती. मी कॅपला भोक पाडून रूट कॅनाल केलं. तिने एका शब्दाने मला दोष दिला नाही. दोष तिचा नव्हताच. पाच दिवसांत हे होणार नाही, आणि होणार असलं तरी करू नये, हे तिला सांगायचं काम माझं होतं.

नस का मरते? दात इतका तासला की ड्रिलची उष्णता आणि कंप आतल्या नसेच्या अगदी जवळ पोचतो. तरुण वयात नसेची पोकळी मोठी असते, म्हणून तुझ्या वयात धोका जास्त. प्रत्येक दाताचं असं होत नाही, पण आठ दात तासले तर त्यातला एखादा पुढच्या काही वर्षांत त्रास देईल ही शक्यता डोळ्याआड करता येणार नाही. काही ठिकाणी यावर तोडगा म्हणून जिवंत दातांचं आधीच रूट कॅनाल करून टाकतात, म्हणजे पुढे दुखायला नको. तुझ्या सात चांगल्या दातांबद्दल कुणी असं म्हणालं, तर खुर्चीवरून उठ आणि घरी जा.

आता आई. आईचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. तिच्या किंवा तुझ्या बाबांच्या एखाद्या दाढेला कॅप असेल आणि ती वर्षानुवर्षं भाकरी, चिवडा, फुटाणे चावत असेल. तिथे कॅपने दाढ वाचवलेली असते. किडून पोखरलेल्या, रूट कॅनाल केलेल्या दाढेला कॅप नसली तर ती एखाद्या खड्याने उभी चिरते. मोठं सिमेंट भरलेला दात, तडा गेलेला दात, झिजून अर्धा झालेला दात, या सगळ्यांना कॅपच लागते आणि मी ती रोज बसवते. पण ‘कायमचं’ हा शब्द आईला मागे घ्यायला सांग. कॅप दहा-पंधरा वर्षं चालते, काळजी घेतली तर जास्तही. तू २७ची आहेस. आयुष्यात ती दोन-तीनदा बदलावी लागेल आणि दर वेळी खालचा दात आणखी थोडा जाईल. आणि ती पंधरा वर्षांची वॉरंटी नीट वाच. ती झिरकोनियाची असते, दाताची नसते. झिरकोनिया सहसा फुटत नाहीच. कॅपच्या कडेखाली कीड लागली, हिरडी सरकली, नस मेली, तर नवी कॅप मोफत मिळेल कदाचित, दात कुठून आणणार?

व्हेनिअरचीही आरती ओवाळत नाही मी. तोही परतीचा रस्ता ठेवत नाही. एकदा एनॅमल थोडं जरी घासलं, की त्या दातावर कायम काहीतरी लागणार. एनॅमलवर नीट चिकटवलेले पोर्सिलेनचे व्हेनिअर दहा वर्षांनंतरही बहुतांश टिकलेले दिसतात, पण ज्यांना झोपेत दात खायची सवय आहे, जे नखं कुरतडतात, ज्यांचे वरचे-खालचे पुढचे दात टोकाला टोक भिडतात, त्यांचे व्हेनिअर कडेला टवके उडून किंवा अख्खे निघून येतात. तू झोपेत दात खातेस का, हे होस्टेलच्या किंवा रूमवरच्या मैत्रिणीला विचार, तिला पक्कं माहीत असेल. आणि फ्लोरोसिसच्या एनॅमलचा वरचा थर ॲसिडला सहजी दाद देत नाही, त्यामुळे चिकटवताना ॲसिड नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवावं लागतं. तुझे डाग ज्या डॉक्टरांनी पाहिले त्यांना हे विचार. ज्यांनी अशा दातांवर काम केलंय ते लगेच सांगतील.

आणखी एक फसगत सांगून ठेवते. हल्ली रील्समध्ये ‘व्हेनिअर’ म्हणून जे दाखवतात ते पुष्कळदा पूर्ण कॅपच असतात. इंग्लंडमधून स्वस्तात दात करून घ्यायला तुर्कस्तानला गेलेल्या तरुण मुलामुलींच्या बाबतीत हेच झालं. व्हेनिअर समजून गेले आणि आरशात स्वतःच्या दातांच्या खुंट्या पाहिल्या. त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरांनाही नावावर न जाता विचार, दात मागच्या बाजूनेही तासणार का? उत्तर हो आलं तर ती कॅप आहे, नाव काहीही असो.

तर आता करायचं काय. तुझ्याकडे चार महिने आहेत आणि ते पुरेसे आहेत.

पहिलं काम साफसफाई, म्हणजे स्केलिंग, आणि हिरड्यांची तपासणी. ब्रश करताना रक्त येत असेल तर आधी ते थांबलं पाहिजे. रक्त येणाऱ्या हिरडीशेजारी काहीही नीट चिकटत नाही. त्याच दिवशी करड्या दाताचा एक्स-रे काढायचा. तुझं रूट कॅनाल शाळेत असताना झालंय. ते टोकापर्यंत नीट भरलंय का, मुळाशी काळी सावली आहे का, हे न बघता त्या दातावर पुढचं काम करणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीवर रंग लावणं. गरज असेल तर रूट कॅनाल पुन्हा करायचं.

मग सात दातांचे डाग. सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि घासणारी पेस्ट दातावर हलक्या हाताने चोळतात, याला मायक्रोॲब्रेजन म्हणतात. केसाच्या जाडीएवढा थर जातो आणि तपकिरी डाग बराचसा त्याच्याबरोबर निघून जातो. त्यानंतर घरी रात्री लावायचे ब्लीचचे ट्रे, दोन-तीन आठवडे, तेही तुझ्या दातांचं माप घेऊन बनवलेले, ऑनलाइन मागवलेले नव्हेत. सुरुवातीला पांढरे ठिपके आणखी उठून दिसतील आणि तू घाबरशील. थांब. आजूबाजूचा दात उजळला की ते मिसळायला लागतात. गार पाणी झोंबेल, तेही तात्पुरतं असतं. उरलेल्या पट्ट्यांना ती राळ मुरवायची. दातावर खड्डे असतील, एनॅमलचे टवके उडालेले असतील, तर मात्र एवढ्याने भागणार नाही. ते मला पत्रातून दिसत नाही, तुझ्या डॉक्टरांना दिसेल.

त्याच आठवड्यांत करड्या दाताला आतून ब्लीच करता येतं. दाताच्या मागच्या भोकातून आत औषध ठेवून वरून बंद करायचं आणि आठवड्याभराने बदलायचं, असं तीन-चार वेळा. त्याआधी रूट कॅनालच्या तोंडाशी सिमेंटचं बूच बसवलंय ना, हे विचारून घे, नाहीतर औषध मुळाकडे झिरपून पुढे मूळ खाल्लं जाऊ शकतं. हा दात उजळला तर निम्मं काम झालं. शेवटी त्याला काय लागेल हे हिरडीवर धड दात किती उरलाय यावर ठरेल. फक्त कोपरा गेला असेल तर दाताच्या रंगाच्या सिमेंटने, म्हणजे कॉम्पोझिटने, किंवा एका व्हेनिअरने भागेल. रूट कॅनाल झालं म्हणजे कॅप हवीच, हा नियम दाढांचा आहे, पुढच्या दातांचा नाही. पण बराच भाग गेला असेल तर कॅप कर, निर्धास्त कर. फक्त चारी बाजूंनी दीड-दोन मिलिमीटर तरी मजबूत दाताची कड कॅपच्या मिठीत यायला हवी. आतून उजळल्याचा फायदा इथेही होतो. खाली काळा दात असला की वरच्या पारदर्शक सिरॅमिकमधून तो डोकावतो.

ब्लीच संपल्यावर दोन आठवडे काहीही चिकटवायचं नाही. दातात ऑक्सिजन उरलेला असतो, तो पकड कमकुवत करतो, आणि रंगही तेवढ्यात स्थिरावतो. पोर्सिलेनला ब्लीच लागत नाही, म्हणून आधी दात उजळायचे आणि मग त्या रंगाचं पोर्सिलेन करायचं, हा क्रम उलटा करू नकोस.

या टप्प्यावर, डिसेंबरच्या अखेरीस, आरशासमोर उभी राहा. माझा अंदाज आहे की तुला सातही दातांवर काही करावंसं वाटणार नाही. वाटलंच, तर जे दोन-चार दात अजून खुपतात तेवढ्यांचे व्हेनिअर कर. त्याआधी मॉक-अप मागायचा, हा तुझा हक्क आहे. न तासता, तुझ्याच दातांवर तात्पुरती राळ लावून डॉक्टर नवा आकार दाखवतात. त्यावर बोल, हस, ‘फ’ आणि ‘व’ म्हणून बघ, मोबाइलवर व्हिडिओ काढ, आईला पाठव. पैसे कमी असतील तर पोर्सिलेनऐवजी कॉम्पोझिटचे व्हेनिअर आहेत. ते एका बैठकीत होतात, दात जवळजवळ तासावा लागत नाही, टवका उडाला तर तिथल्या तिथे जोडता येतो. चहा-हळदीने पिवळे पडतात, पॉलिश करावे लागतात आणि चार-सहा वर्षांनी बदलावे लागतात. तुझ्या वयाला मला तो सौदा वाईट वाटत नाही.

रंग निवडताना भेटीच्या सुरुवातीलाच निवड, खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, ओठांची लिपस्टिक पुसून. अर्धा तास तोंड उघडं राहिलं की दात वाळून पांढरे दिसतात आणि मग निवडलेली छटा दुसऱ्या दिवशी चुन्यासारखी वाटते. विशेषतः एकच कॅप शेजारच्या खऱ्या दाताशी जुळवायची असेल तर हे फार जपावं लागतं, आमच्या कामातलं ते सगळ्यात अवघड काम. हळदीच्या पिवळ्या उजेडात आणि मांडवातल्या फ्लॅशमध्ये अतिपांढरे दातच आधी नजरेत भरतात, चेहरा मागे राहतो.

पैशांचं. आठ कॅपचे बहात्तर हजार होतात, आठ व्हेनिअरचे एक लाख बारा हजार. तुझ्याच पत्रातल्या दरांनी चार व्हेनिअर आणि एक कॅप धरली तर पासष्ट हजार. कदाचित तेवढेही लागणार नाहीत. पुण्यातल्या खासगी दंत महाविद्यालयांत हीच कामं तज्ज्ञांच्या देखरेखीखाली कमी खर्चात होतात, फक्त फेऱ्या जास्त पडतात. गावी जाणं होत असेल तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालयही आहे. तिसरं मत घ्यायचंच असेल तर एमडीएस झालेल्या प्रोस्थोडॉन्टिस्टकडून, म्हणजे कॅप-कवळ्यांच्या तज्ज्ञाकडून, घे, आणि एक्स-रे स्वतःजवळ ठेव.

एक माझ्या मनातलं. गावात तुझी भाचरं, चुलत भावंडांची मुलं त्याच हापशीचं पाणी पीत असतील. तुझ्या दातांचं जे व्हायचं ते झालं, आता कुठलंही पाणी पिऊन त्यात फरक पडणार नाही. पण आठ वर्षांच्या आतल्या मुलांचे दात आत्ता घडतायत. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटलं की ते दाट होतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची जिल्ह्याला प्रयोगशाळा असते. दिवाळीला जाशील तेव्हा एक स्वच्छ बाटली भरून पाण्याचा नमुना ग्रामपंचायतीमार्फत तिथे पाठवायला सांग.

ॲडव्हान्सचं टेन्शन घेऊ नकोस. त्या क्लिनिकमध्ये फोन कर आणि दिवाळीनंतरची भेट रद्द न करता बदलून घे. ‘त्या दिवशी तासायचं नाही, स्केलिंग आणि उजव्या मधल्या दाताचा एक्स-रे करू या, पैसे त्यात वळते करा,’ एवढंच सांग. ते तयार झाले तर तिथेच पुढचं बोलता येईल. नाही म्हणाले तर दहा हजार सोडावे लागले तरी सोड. आणि एक्स-रे झाला की मला पुन्हा लिही, मुळाशी सावली आहे की नाही ते कळव. त्या दाताचं पुढचं मी तेव्हा सांगेन.

– तुझी डॉक्टर काकू